श्वेतमस्तक गरुडाचे घरटे

महाभारताच्या आदिपर्वात विनतेची कथा आहे. कश्यपाच्या दोन भार्या, कद्रू आणि विनता. कद्रूने हजार पुत्र मागितले. विनतेने दोनच मागितले, पण ते कद्रूच्या पुत्रांहून बलवान असावेत असा वर घेतला. पाचशे वर्षांनी कद्रूची हजार अंडी फुटून नाग बाहेर आले. विनतेची दोन अंडी मात्र तशीच राहिली. तिचा धीर सुटला आणि तिने एक अंडे आपल्या हातांनी फोडले. आतला जीव कमरेच्या वर पुरा झाला होता आणि कमरेच्या खाली अपुरा होता. तो अरुण. आईला दास्याचा शाप देऊन आणि 'दुसऱ्या अंड्यासाठी आणखी पाचशे वर्षे थांब' असे बजावून तो सूर्याचा सारथी झाला. विनता थांबली, आणि दुसऱ्या अंड्यातून गरुड निघाला.

कथा कथेच्या ठिकाणी. पण तिच्यातील एक गोष्ट पक्षिशास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे: गरुडाचे पिल्लू घाई करून मिळत नाही, आणि कवच वेळेआधी फुटले तर सगळाच नाश होतो. आज मी ज्या गरुडाविषयी बोलणार आहे, तो पुराणातला नव्हे, अमेरिकेतला आहे. परंतु त्याच्या हकिकतीतही वेळेआधी फुटलेले अंडे आहे, थांबणारी माणसे आहेत, आणि त्या थांबण्याचे फळही आहे.

अमेरिकेत त्याला 'बाल्ड ईगल' म्हणतात. त्या देशाच्या राजमुद्रेवर १७८२ पासून पंख पसरून असलेला पक्षी तो हाच. गंमत अशी की, राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचे नाव कायद्याने लागले ते २०२४ च्या डिसेंबरात. तोवर हा मान केवळ रूढीने चालत आला होता. 'बाल्ड' म्हणजे टक्कल पडलेला असा आजचा अर्थ. पण या पक्ष्याच्या डोक्यावर पिसांना काही तोटा नाही. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाला पांढरेपणाचा अर्थ होता, आणि प्रौढ पक्ष्याचे डोके, मान व शेपटी शुभ्र पांढरी असतात. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही 'पांढऱ्या डोक्याचा समुद्रगरुड' असाच होतो. म्हणून आपण त्याला श्वेतमस्तक गरुड म्हणू. आपल्या कोकणकिनाऱ्यावर दिसणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड हा त्याचा जवळचा भाऊबंद होय.

पंख पसरले असता या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसहा-सात फूट भरतात. मादी नरापेक्षा सुमारे पावपट मोठी. शिकारी पक्ष्यांत हे नेहमीचेच आहे. समुद्र, सरोवरे आणि मोठ्या नद्या यांच्या काठी त्याची वस्ती असते, आणि मासळी हे त्याचे मुख्य अन्न. पाणपक्षी मिळाले तर तेही चालतात, मेलेले जनावर वर्ज्य नाही, आणि दुसऱ्या पक्ष्याने पकडलेला मासा हिसकावून घेण्यात त्याला मुळीच कमीपणा वाटत नाही. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७८४ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात याच सवयीवरून त्याच्या चारित्र्याला नावे ठेवली आहेत.

घर बांधण्याच्या बाबतीत मात्र या पक्ष्याला नावे ठेवायला जागा नाही. जोडी जमली की ती बहुधा आयुष्यभर टिकते, आणि दरवर्षी त्याच घरट्यात काटक्यांची नवी भर पडते. ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठी व्हर्मिलियन गावाजवळ असे एक घरटे होते. तीसाहून अधिक वर्षे ते नांदते राहिले. त्याची उंची १२ फूट, माथ्याची रुंदी साडेआठ फूट, आणि वजन अंदाजे २ टन. १९२५ सालच्या मार्च महिन्यात वादळ झाले आणि ज्या झाडाने हा भार इतकी वर्षे पेलला होता ते झाड घरट्यासकट कोसळले.

या घरट्याची मोजमापे आपणांस ठाऊक आहेत ती फ्रान्सिस हॉबार्ट हेरिक या प्राध्यापकांमुळे. क्लीव्हलँड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकवीत. गरुडाविषयी तोवर जे लिहिले गेले होते त्यात ऐकीव गोष्टीच फार होत्या. हेरिक यांनी घरट्याच्या उंचीचा पोलादी मनोरा उभारला, त्याच्या माथ्यावर तंबूचा आडोसा केला, आणि आत बसून दिवसचे दिवस घरट्यात काय चालते ते टिपून ठेवले, छायाचित्रे घेतली. १९३४ साली त्यांचा या पक्ष्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे ज्यांनी ज्यांनी गरुडाच्या घरट्यात पाहिले, त्या सर्वांची वाट त्यांनी आधी मळून ठेवली असे म्हटले पाहिजे.

आता त्या आडोशाच्या फटीतून आपणही जरा आत पाहू.

मादी एक ते तीन अंडी घालते, बहुधा दोन. दोन अंड्यांमध्ये काही दिवसांचे अंतर पडते. पण उबवणे पहिले अंडे पडताच सुरू होते, आणि त्यामुळे पिल्लेही मागेपुढे जन्मतात. सुमारे ३५ दिवस नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात. ज्या नखांनी मोठमोठे मासे उचलायचे, ती नखे अंड्यांजवळ वावरताना हे पक्षी आत वळवून घेतात, आणि मूठ मिटल्यासारखे पाऊल टाकीत चालतात. अंड्याला ओरखडाही उठू नये याची ती काळजी असते.

पिल्लाच्या कोवळ्या चोचीवर एक बारीक टणक उंचवटा असतो. त्याने ते कवच आतून टोकरू लागते. पहिली चीर दिसल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत एखादा दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ जातो. आईबाप जवळ असतात, पण मदत करीत नाहीत. विनतेला जे साधले नाही ते या पक्ष्यांना उपजतच साधलेले असते!

बाहेर येते ते ओले, फिकट राखी लव असलेले, मान लटलट हलणारे एक पिल्लू. वजन ९० ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे जुन्या मापाने आठ तोळे. त्याला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. म्हणून पहिले काही दिवस आई किंवा बाप जवळजवळ अखंड त्याच्यावर पांघरून बसलेले असतात. मासा आला की आई त्याचा तंतूएवढा तुकडा तोडते, मान तिरकी करते आणि अगदी हलक्या हाताने, नव्हे चोचीने, तो पुढे धरते. पिल्लू नेम चुकत चुकत तो टिपते. दोन हातांत न मावणारा मासा फाडणारी ती वाकडी चोच, आणि तिच्या टोकावरचा तो तंतू! हा देखावा ज्यांनी पाहिला, त्यांनी गरुडाला पुन्हा केवळ 'क्रूर' असे विशेषण लावले नाही.

परंतु घरट्यात सर्व काही गोडच असते असे नाही. पहिले पिल्लू दुसऱ्याहून दोन-तीन दिवसांनी मोठे असते, आणि या वयात दोन-तीन दिवस म्हणजे दुप्पट बळ. ते धाकट्याला टोचते, दाबते, घासापासून दूर ठेवते. आईबाप मध्ये पडत नाहीत. मासळी मुबलक असेल तर हे टोचणे आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते आणि दोन्ही पिल्ले वाढतात. दुष्काळ असेल तर धाकटे मरते. आपल्या मनाला हे कठोर वाटते. पण तुटपुंजे अन्न दोघांत सारखे वाटले तर दोन्ही दुबळी राहण्याची भीती असते. मागेपुढे जन्मण्याच्या या पद्धतीने निदान एक तरी धडधाकट निघते. निसर्गाचा हिशेब एका पिल्लाचा नसतो, घराण्याचा असतो.

दुसऱ्या आठवड्यात पहिली लव जाऊन दाट, गडद राखी लव येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत वाढीचा वेग थक्क करणारा असतो. दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वजन चढते. जन्मताना पिल्लाचे जेवढे वजन होते, तेवढी भर आता रोज पडते! पाय आणि चोच आधी वाढतात, अंग मागून येते. त्यामुळे तीन आठवड्यांचे पिल्लू मोठ्या भावाची पादत्राणे घालून आलेल्या मुलासारखे बेढब दिसते. मग लवेतून पिसांच्या काळसर नळ्या डोकावू लागतात. चार-पाच आठवड्यांचे झाले की पिल्लू पायांवर उभे राहते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास आईने आणलेला मासा स्वतः फाडू लागते. आता घास भरविण्याचे दिवस संपले. मासा घरट्यात पडताच जो पुढे होईल तो त्यावर पंखांची छत्री धरतो आणि भावंडाकडे पाठ करून जेवतो.

आठव्या आठवड्यानंतर तालीम सुरू होते. घरट्याच्या कडेला उभे राहून पिल्लू वाऱ्याकडे तोंड करते आणि पंख हालविते. आधी पाय जागचे हलत नाहीत. मग एक दिवस फूटभर वर उचलले जाते आणि घाबरून खाली येते. मग शेजारच्या फांदीवर उडी, आणि परत. हेरिक यांची समजूत अशी झाली होती की, या सुमारास आईबाप मुद्दाम अन्न कमी करतात आणि मासा दूरवर दाखवून पिल्लांना बाहेर पडायला लावतात. पुढील निरीक्षकांना सर्वच घरट्यांत तसे दिसले नाही. एवढे खरे की, दहाव्या ते तेराव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लू केव्हातरी घरटे सोडते. काहींचे पहिले उड्डाण हे उड्डाण नसून पडणेच असते, आणि ती काही काळ जमिनीवर अडकतात. उड्डाण साधले तरी शिकार लगेच साधत नाही. महिना-दोन महिने आईबाप त्यांना अन्न पुरवीत राहतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. घरट्याबाहेर पडलेला तरुण गरुड आकाराने आईबापांएवढा असतो. त्याच्या पंखांची व शेपटीची पिसे तर त्यांच्याहून थोडी लांबच असतात. पण रंगाने तो गडद तपकिरी असतो: डोके तपकिरी, चोच काळपट, डोळा तपकिरी. चोच व डोळे पिवळे होऊन डोके शुभ्र होण्यास चार-पाच वर्षे लागतात. म्हणजे आकाशात गरुड दिसला की तो मागील चार वर्षांतला की त्याहून जुना, हे नुसत्या रंगावरून सांगता येते. हा तपकिरी रंग ध्यानात ठेवावा. पुढील हकिकतीत त्याला फार महत्त्व आहे.

ही हकिकत चार्ल्स ब्रोली यांची आहे. ते पक्षिशास्त्रज्ञ नव्हते. कॅनडातील विनिपेग शहरात बँकेच्या एका शाखेचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी नोकरी केली, आणि साठीच्या उंबरठ्यावर निवृत्त होऊन हिवाळ्यासाठी ते फ्लॉरिडाच्या ऊबदार किनाऱ्यावर जाऊ लागले. फ्लॉरिडातले गरुड थंडीतच घरटी करतात. त्या गरुडांच्या पिल्लांच्या पायांत क्रमांकाची कडी घालण्याचे काम ब्रोली यांनी १९३९ मध्ये पत्करले. ज्या वयात आपल्याकडे माणसे जिना चढतानाही कठड्याला हात लावतात, त्या वयात हे गृहस्थ दोराच्या शिडीने उंच पाइन वृक्षांवर चढत, घरट्याच्या कडेवरून आत जात, आणि रागावलेल्या पिल्लाच्या पायात कडे अडकवून खाली येत. अशी बाराशेहून अधिक पिल्ले त्यांच्या हातांखालून गेली.

पहिले फळ लवकरच हाती आले. फ्लॉरिडात कडी घातलेले गरुड उन्हाळ्यात शेकडो मैल उत्तरेला, थेट कॅनडापर्यंत सापडू लागले. हे गरुड बारा महिने तेथेच राहतात असा समज होता, तो खोटा ठरला. घरटे सोडलेली पिल्ले उत्तरेचा रस्ता धरीत.

दुसरे फळ कडू होते. आरंभीची काही वर्षे ब्रोली एका हंगामात दीडशेच्या आसपास पिल्लांना कडी घालीत. १९४७ पासून आकडा उतरू लागला. काही घरट्यांत अंडीच नसत. काहींत असत, पण त्यांतून पिल्ले निघत नसत. १९५२ ते १९५७ या काळात शंभरातील सुमारे ८० घरटी निष्फळ गेली. १९५७ साली ४३ घरट्यांवर गरुड होते. त्यांपैकी ७ घरट्यांत मिळून ८ पिल्ले झाली, आणि २३ घरट्यांतील अंडी उबलीच नाहीत. १९५८ साली शंभराहून अधिक मैलांचा किनारा पालथा घालून त्यांना कडे घालण्यासाठी एकच पिल्लू सापडले.

आपण विचाराल, एवढा अनर्थ होत असता इतरांना तो कसा दिसला नाही? त्याचे उत्तर या पक्ष्याच्या दीर्घायुष्यात आहे. गरुड वीस-वीस वर्षे, कधी त्याहून अधिक जगतो. पाळणे रिकामे झाले तरी प्रौढ पक्षी आकाशात फिरतच होते. पांढऱ्या डोक्याचे गरुड दिसत होते, म्हणून लोकांना वाटे की गरुड आहेत. पेन्सिल्व्हेनियातील हॉक माउंटन नावाच्या डोंगरावरून स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची दरवर्षी मोजदाद होते. तेथे १९३५ ते १९३९ या वर्षांत दिसलेल्या गरुडांपैकी शेकडा ४० तरुण, तपकिरी होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण शेकडा २० वर आले. आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच तरुण पक्षी दिसला. एखाद्या गावात म्हातारी माणसे पुष्कळ दिसावीत आणि शाळा मात्र ओस पडलेली असावी, तसा हा प्रकार होता. आकाशातला गरुड मागील वर्षांची साक्ष देतो. पुढील वर्षांची साक्ष घरट्यातच मिळते.

कारण काय असावे, याचा अंदाज ब्रोली यांनी १९५८ साली प्रसिद्धपणे मांडला. त्यांनी बोट दाखविले ते डीडीटीकडे. हे नाव आपणांस परके नाही. या औषधाचे कीटकनाशक गुण शोधून काढल्याबद्दल पाउल म्यूलर यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आपल्या देशात १९५३ साली सुरू झालेल्या हिवताप नियंत्रणाच्या मोहिमेत घरोघरच्या भिंतींवर हेच औषध फवारले गेले. त्याने असंख्य माणसे वाचविली, हे नाकारता येणार नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ते शेतांवर, अरण्यांवर आणि खाड्यांच्या दलदलींवर विमानांतून सढळ हाताने ओतले गेले. ते सहजासहजी नाश पावत नाही, आणि चरबीत साठते. पाण्यातील सूक्ष्म जीव, त्यांना खाणारा लहान मासा, त्याला खाणारा मोठा मासा, आणि त्या मोठ्या माशांवर वर्षभर जगणारा गरुड. पायरीगणिक विषाचा साठा वाढत जातो.

ब्रोली १९५९ साली वारले. आपला अंदाज सिद्ध झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही. रेचेल कार्सन यांनी १९६२ साली आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात त्यांचे आकडे जगापुढे ठेवले. आणि पुरावा निघाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. पूर्वी अंडी जमविण्याचा छंद असलेले लोक कवचे कपाटांत जपून ठेवीत. इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली अशी जुनी कवचे नव्या कवचांशी ताडून दाखविले की, १९४७ च्या सुमारापासून ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांची कवचे एकाएकी पातळ झाली आहेत. पुढल्याच वर्षी अमेरिकेत जोसेफ हिकी आणि डॅनियल अँडरसन यांना तिकडच्या पक्ष्यांत तेच आढळले, आणि त्यांत श्वेतमस्तक गरुडही होता. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे डीडीई हे द्रव्य मादीच्या अंगातील कवच घडविणाऱ्या ग्रंथीकडे चुना पुरेसा पोहोचू देत नाही, असे पुढे स्पष्ट झाले. मग ते कवच उबवणाऱ्या आईच्या भारानेच चिरडते. विनतेने निदान अधीर होऊन अंडे फोडले होते. या गरुडिणी धीराने, जिवाच्या कराराने अंड्यांवर बसत होत्या, आणि त्यांच्या बसण्यानेच अंडी फुटत होती.

१९६३ साली अलास्का सोडून अमेरिकेच्या ४८ संलग्न राज्यांत या गरुडाच्या ४१७ जोड्या उरल्याची नोंद झाली. सगळा दोष डीडीटीचा नव्हे. त्याआधी बंदुकीने पुष्कळ नाश केला होता. अलास्कात १९१७ पासून तीसाहून अधिक वर्षे गरुड मारण्याला सरकारी इनाम होते आणि एक लाखाहून अधिक पक्षी त्यापायी गेले. १९४० च्या कायद्याने अलास्काबाहेर शिकारीला आळा बसला होता. पण पाळण्यातल्या नाशाला कायद्याची बंदूकबंदी काय करणार? १९७२ साली अमेरिकेने डीडीटीचा सर्वसाधारण वापर बंद केला. त्यानंतर कवचे हळूहळू पुन्हा जाड होऊ लागली.

जेथे गरुड नामशेष झाले होते, तेथे ते परत आणण्यासाठीही घरट्यातल्या निरीक्षणांचाच आधार घ्यावा लागला. न्यूयॉर्क राज्याने १९७६ पासून दुसऱ्या राज्यांतील घरट्यांतून काही आठवड्यांची पिल्ले आणली आणि माँटेझुमा या पाणथळ अभयारण्यात उंच मचाणावरील कृत्रिम घरट्यांत ती ठेवली. माणसे आडोशामागून अन्न टाकीत. पिल्लांना माणूस दिसू द्यायचा नाही, हा नियम. उडण्याच्या वयाला दार उघडले की ती आपली आपण निघून जात. गरुड ज्या प्रदेशात पंख उघडतो तो प्रदेश आपला मानतो, आणि पाच वर्षांनी घरटे करायला बहुधा तिकडेच वळतो. यश आले की नाही हे कळायला एवढी वर्षे थांबणे भाग होते. १९७७ साली मिनेसोटातून आणून कडे घातलेले त्यांतील एक पिल्लू त्याच राज्यात वाढले, तेथेच वर्षानुवर्षे नांदले, आणि २०१५ साली रस्त्यावर मोटारीच्या धक्क्याने मेले तेव्हा ३८ वर्षांचे होते. पायातल्या कड्यावरील क्रमांकानेच त्याची ओळख पटली. इतका जुना श्वेतमस्तक गरुड तोवर नोंदीत आला नव्हता.

२००७ साली, जोड्यांची संख्या दहा हजारांच्या घरात गेल्यावर, हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून काढण्यात आला. २०१९ च्या पाहणीवरून त्या ४८ राज्यांत ७१,४०० नांदती घरटी असल्याचा अंदाज निघाला.

हा धडा परदेशापुरता नाही. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात गिधाडांची घरटी मोठ्या संख्येने असत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनी ती १९८० नंतरच्या दशकात मोजली होती, आणि दहाएक वर्षांनी त्याच झाडांवर पुन्हा मोजली. गिधाडांचा सर्वनाश चालला आहे हे त्या दोन मोजण्यांतील फरकाने उघड झाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याला कारण असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि २००६ साली गुरांसाठी ते बंद करण्यात आले. पहिली मोजणी करताना तिचा असा उपयोग होईल हे कोणाच्या मनातही नव्हते. पण ती झालेली होती, म्हणून दुसरीला अर्थ आला.

आता हेरिक यांचा मनोरा आणि ब्रोली यांची शिडी यांची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. आयोवा राज्यातील डेकोरा येथील घरटे २०११ पासून घरबसल्या कोट्यवधी वेळा पाहिले गेले. कॅलिफोर्नियातील बिग बेअर सरोवराजवळच्या घरट्यात २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे अंडी उबली नाहीत; २०२५ च्या मार्चमध्ये तीन पिल्ले निघाली. काही दिवसांतच बर्फाचे वादळ आले आणि एक पिल्लू गेले. हजारो मैलांवरचे लोक हळहळले. कोणीतरी वर चढून काही करावे असेही अनेकांना वाटले. पण माणूस वर गेला असता तर घाबरलेले आईबाप उठले असते आणि उरलेली दोन उघड्यावर पडली असती. ती दोन्ही त्या जूनमध्ये उडाली. पाहणे आणि हात न लावणे, हाही विनतेच्या कथेचाच पाठ.

धोका संपलेला नाही. शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे मेलेल्या जनावरांबरोबर गरुडांच्या पोटात जाते. ३८ राज्यांतील गरुड तपासून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या शिसेबाधेच्या खुणा आढळल्या. त्याच वर्षी जॉर्जियाच्या किनाऱ्यावर पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाने अनेक घरटी निष्फळ गेली. हे वेळीच कळले, कारण त्या घरट्यांची नोंद दरवर्षी होत होती.

आपल्या कोकणात वेळूच्या किनाऱ्यालगत उंच, जुन्या झाडांवर समुद्रगरुड अशीच मोठी घरटी बांधतो आणि मासे व समुद्रसर्प पिल्लांना आणून घालतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्याच्या घरट्यांच्या पाहणीचे काम केले आहे. आपल्यापैकी कोणाच्या गावी असे घरटे असेल, तर दुर्बिणीने, दुरून, झाडाखाली गर्दी न करता ते पाहावे. अंडी कधी, पिल्ले किती, उडाली किती, एवढे तीन आकडे दरवर्षी वहीत टिपावेत. त्याला मोठी विद्या लागत नाही. विनिपेगच्या त्या निवृत्त बँक व्यवस्थापकापाशीही ती नव्हती. फक्त पुढल्या वर्षी पुन्हा त्याच झाडाखाली जावे लागते, आणि त्याच्या पुढल्या वर्षीही.